गोलाच्या पाठीवरील शब्द

शास्त्रीय परिभाषेचा वाद आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की इंग्रजी, एवढ्यावरच येऊन थांबतो. आमच्या मते कसोटी निराळी आहे: शब्द उच्चारताच आकृती डोळ्यांपुढे उभी राहते काय? या दृष्टीने भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'तील (शके १०७२) गोलाध्याय व त्यावरील त्यांचेच वासनाभाष्य वाचण्याजोगे आहे.

लल्लाचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ काढण्यास वर्तुळाचे क्षेत्रफळ परिधीने गुणावयास सांगितले होते. व्यास ७ धरला तर उत्तर सुमारे ८४७ येते. खरे पृष्ठफळ परिधी गुणिले व्यास, म्हणजे सुमारे १५४. भास्कराचार्य हा दोष वस्त्राने दाखवितात. परिधीच्या निम्मा व्यास असलेले वाटोळे वस्त्र चेंडूवर घातले, तर अर्धा चेंडू झाकून वर चुण्या पडतात. हे वस्त्र चेंडूच्या मध्यवर्तुळाच्या सुमारे अडीचपट. तेव्हा सगळे पृष्ठ पाचपटींहून कमीच असणार. मग बावीसपट कोठून आले? खंडन इतके सौम्य आणि इतके निरुत्तर करणारे क्वचितच आढळते.

स्वमत मांडतानाही तीच रीत. मातीचा वा लाकडाचा गोल घ्यावा. त्यावर आडव्या रेघा काढल्या की वलये होतात, उभ्या काढल्या की आवळ्याच्या फोडींसारखे वप्रक. एका वप्रकाचे फळ तुकड्यातुकड्यांनी मोजून बेरीज केली की पृष्ठ वर्तुळाच्या चौपट भरते. आर्किमिडीजने हेच फार पूर्वी निर्दोष सिद्ध केले होते. त्या मानाने प्रत्येक तुकडा सपाट धरणारी ही बेरीज सिद्धतेस उणी पडते, हे मान्य केलेच पाहिजे. 'वप्रक' शब्दही आज उकलून सांगावा लागतो. परंतु जेथे शब्द अपुरा, तेथे आवळा हजर आहे.

आमची आजची मराठी येथेच ढिली पडते. पोळीही गोल आणि लाडूही गोल! 'वक्रपृष्ठफळ' व 'एकूण पृष्ठफळ' हे पाठ्यपुस्तकांतील शब्द चुकीचे नाहीत. पण अर्धगोलाचे एक दुप्पट आणि दुसरे तिप्पट का, हे विद्यार्थी घोकून लक्षात ठेवतो. लिंबू चिरून दाखविले, तर साल ती दुप्पट आणि चिरलेला सपाट भाग मिळविला की तिप्पट, हे घोकावे लागणार नाही. नवे शब्द अवश्य घडवावेत. मात्र घडविणाऱ्याने आधी गोल हातात घ्यावा.