एकच बलून सगळ्या धमन्यांना?

आज एका कल्पनेची समीक्षा करायची आहे. कल्पना ऐकायला अगदी साधी. अँजिओप्लास्टीत धमनीतला अडथळा बलून फुगवून उघडतात. हे बलून ठराविक मापांचे येतात. हृदयाच्या धमन्यांना दोन, अडीच, तीन, साडेतीन, चार मिलिमीटर, मांडीतल्या धमनीला पाच-सहा, ओटीपोटातल्या इलियाक धमनीला आठ-दहा. शिवाय प्रत्येक व्यासाच्या वेगवेगळ्या लांब्या. कॅथलॅबमधलं कपाट उघडलं की चपलांच्या दुकानासारखी नंबरवार खोकी दिसतात. मग कुणालाही वाटणारच, की हवा तेवढाच फुगेल असा एकच बलून का नाही करत? या कल्पनेवर पेटंटं पुष्कळ निघालीत. त्यातली काही आम्ही वाचली. आमचं मत आधीच सांगून टाकतो. बलून किती मोठा होऊ शकतो, यावर त्यांत पानंच्या पानं आहेत. तो कुठे थांबणार, यावर मात्र फार थोडं आहे.

थांबण्याचं एवढं महत्त्व का? जत्रेतला रबरी फुगा आठवा. पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, आणि एकदा फुगायला लागला की भराभर फुगतो. आता तोच फुगा मुठीत धरून फुगवा. मुठीच्या वर फुगेल, खाली फुगेल, मुठीत मात्र तसाच राहील. धमनीत ती मूठ म्हणजे कॅल्शियम साठून दगड झालेला अडथळा. ताणणारा बलून तिथे सोडला की तो दोन्ही टोकांना, म्हणजे निरोगी भागात, वाढतो. डॉक्टर या आकाराला 'डॉग बोन' म्हणतात, कुत्र्याच्या हाडासारखा म्हणून. अडथळा जागच्या जागी आणि शेजारची चांगली भिंत फाटलेली, असा हा व्यवहार होऊ शकतो.

ही गोष्ट या क्षेत्रातले लोक पन्नास वर्षांपूर्वी शिकलेत. अमेरिकेत थॉमस फोगार्टी यांनी शस्त्रक्रियेच्या हातमोज्याचं बोट कापून कॅथेटरच्या टोकाला बांधलं. मासे पकडायच्या गळाला कृत्रिम माशी बांधतात, तसं दोऱ्याने. १९६३ साली ते प्रसिद्ध झालं. तो बलून खराखुरा ॲडजस्टेबल होता. मऊ रबराचा, आत जेवढं द्रव घालाल तेवढा मोठा. बाहेर ओढताना सर्जन अंगठ्याखालचा दाब जाणून तो कमी-जास्त करतो. पण त्याचं काम सुटी गुठळी ओढून काढायचं होतं, कडक अडथळा फोडायचं नव्हतं.

१९६४ च्या जानेवारीत चार्ल्स डॉटर यांनी पोर्टलंडला एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायातली धमनी उघडली, ती बलूनने नाही, एकात एक जाणाऱ्या टेफ्लॉनच्या नळ्यांनी. मग १९७३ मध्ये पोर्स्टमान यांनी रबरी बलूनला चिरा पाडलेल्या टेफ्लॉन नळीची चोळी घातली, म्हणजे तो मोकाट वाढू नये. आणि ज्यूरिकचे आंद्रेआस ग्रुंटझिग? ते घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बलून बनवत बसायचे. रबर काही ताब्यात येईना. शेवटी रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांना पीव्हीसीची वाट दाखवली. पीव्हीसीचा बलून ठरलेल्या मापापर्यंत फुगतो, आणि पुढे दाब वाढवला की मोठा होण्याऐवजी घट्ट होतो. १९७४ मध्ये पायात आणि १६ सप्टेंबर १९७७ ला हृदयाच्या धमनीत तो वापरला गेला. म्हणजे बघा, ग्रुंटझिगनी बलूनमधली ॲडजस्टेबल असण्याची सोय काढून टाकली. तोच तर शोध होता! आज ती सोय परत आणायची म्हणणाऱ्याने थोडं थांबून याचं उत्तर द्यायला हवं.

दुसरी अडचण गणिताची. भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो आणि भिंतीची जाडी वाढली तर कमी होतो. दाब तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर ताण दुप्पट. वर भिंत ताणून पातळ झाली, तर त्याहूनही जास्त. म्हणजे असा बलून सगळ्यात मोठा असतो तेव्हाच सगळ्यात दुबळा असतो. मग पाकिटावर फुटण्याचा सुरक्षित दाब कुठल्या मापाचा छापणार? आजही नायलॉनसारखे निमताणाचे बलून थोडे वाढतातच. पाकिटात कोष्टक येतं, इतक्या ॲटमॉस्फिअरला इतके मिलिमीटर. तीनचा बलून दाब वाढवून सव्वातीनच्या आसपास नेता येतो. एवढी मुभा डॉक्टर रोज वापरतात. दोनचा बलून चारपर्यंत न्यायचा म्हटलं की खेळच बदलतो.

मग हे अशक्यच आहे का? नाही. जपानच्या कांजी इनोऊे यांनी १९८२ मध्ये वापरलेला बलून आमच्या मते या सगळ्यात उत्तम आहे. तो धमनीसाठी नाही, हृदयाच्या आखडलेल्या मायट्रल झडपेसाठी आहे. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या आपल्याकडच्या असंख्य रुग्णांना त्याचा फायदा झालाय. दोन रबरी थरांमध्ये नायलॉनची जाळी. आधी पुढचं टोक फुगतं, मग मागचं, शेवटी मधली कंबर, त्यामुळे तो झडपेत आपोआप नीट बसतो. माप ठरतं ते आत किती द्रव घातलं यावर, म्हणून एकेक मिलिमीटरने वाढवत, दर वेळी सोनोग्राफीत झडप बघत पुढे जाता येतं. आणि हद्द कोण सांभाळतं? जाळी. डॉक्टरचा हात नव्हे. जन्मतः आखडलेल्या महाधमनीसाठी बलूनमध्ये बलून असतो. आतला बाहेरच्याच्या निम्म्या व्यासाचा, आधी तो फुगवायचा, मग बाहेरचा. दोनच मापं, पण दोन्ही पक्की.

हेच लहान करून हृदयाच्या धमनीत घाला म्हणाल, तर तिथे अडतं. इनोऊेच्या कॅथेटरची नळीच बारा फ्रेंच, म्हणजे चार मिलिमीटर जाड. हृदयाची बहुतेक धमनी त्याहून बारीक! जाळी, जास्तीचे थर, दुसरा बलून, जे घालाल त्याने जाडी वाढते, आणि अरुंद जागेतून पलीकडे जाणं हीच या कामातली पहिली अट आहे. पुन्हा, एकदा फुगवून रिकामा केलेला बलून पहिल्यासारखा घट्ट गुंडाळला जात नाही. त्याला पंख फुटतात. 'एकच बलून तीन ठिकाणी' हे कागदावर लिहिणाऱ्याने ते पंख धरलेले दिसत नाहीत.

तरी ही मागणी खोटी नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटची कमाल किंमत बांधली, औषधी स्टेंटला २९,६०० रुपये. त्यात बलून नव्हते. एका पेशंटला दोन-तीन मापांचे बलून लागले तर बिलात तेवढ्या ओळी वाढतात. तालुक्याच्या गावाजवळ कॅथलॅब काढणाऱ्याला सगळी मापं ठेवायची, तर निम्मा माल मुदत संपून फुकट जायची भीती. मधुमेही माणसाच्या गुडघ्याखालच्या धमन्या तर लांबच लांब आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या. तिथे पाय वाचवायचा असतो, आणि हवं ते माप कपाटात नसतं.

म्हणून आमचा कौल असा. व्यासाचा हट्ट सोडा, लांबी ॲडजस्टेबल करा. बलूनवरून सरकणारी बाहेरची नळी, जेवढी मागे घ्याल तेवढाच भाग उघडा. लांबी बदलली तरी भिंतीवरचा ताण बदलत नाही, त्यामुळे फुटण्याचा दाब तोच राहतो. खोकी निम्मी झाली तरी पुरे. आणि व्यास बदलायचाच असेल तर चाचणी सरळ काचेच्या नळीत दाखवू नका, तिथे कुठलाही बलून शहाण्यासारखा वागतो. नळीत मध्यावर एक कडक कडं बसवा, दाब चढवा, आणि कड्याच्या दोन्ही बाजूंना बलून किती मिलिमीटर झाला ते मोजून सांगा.