जुन्या गाडीची पाठशुद्धी

परवा भल्या सकाळी माझा भाचा घरी आला, आणि चहाचा कप हाती घेण्याआधीच त्याने मोबाइलवरची एक जाहिरात माझ्या चष्म्यापुढे धरली. "मामा, तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंत. एवढं वाचून सांगा, हा माणूस खरं बोलतोय का?"

जाहिरात अशी होती : 'ऑक्टाव्हिया आरएस, २००५, पेट्रोल. सेकंड ओनर. डॉक्टरांनी वापरलेली. शोरूम कंडिशन. एक रुपयाचा खर्च नाही. फक्त शौकिनांनी संपर्क साधावा. बाहेर जायचे असल्याने तातडीने देणे आहे.' खाली किंमत होती, ती एखाद्या भारी मोटारसायकलीएवढी.

दिवाळी अंकाच्या समीक्षेच्या पानांवर कविता, कादंबरी, फार तर एखादे नाटक यावे, हा संकेत मला ठाऊक आहे. तो मोडल्याबद्दल संपादकांची क्षमा मागून सांगतो, की इतक्या थोड्या शब्दांत इतके अर्थ भरलेला मजकूर मी अलीकडे वाचला नव्हता. 'एक रुपयाचा खर्च नाही' हे वाक्य पाहा. त्यात क्रियापदच नाही. खर्च आजवर करावा लागला नाही, की करायला हवा होता तो केला नाही, की यापुढे करावा लागणार नाही? तिन्ही अर्थ संभवतात, आणि घेणाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डॉक्टरांनी वापरलेली म्हणजे पहिल्या मालकाने, की दुसऱ्याने? आणि गाडी वापरण्यात डॉक्टर मंडळी इतरांपेक्षा हळुवार असतात, हा शोध कोणी लावला? 'फक्त शौकिनांनी' हा शब्दप्रयोग तर फारच धूर्त. तो वाचकाची स्तुती करतो आणि त्याच दमात घासाघीस करणाऱ्याला अरसिक ठरवून मोकळा होतो.

"खरं बोलत नाही आणि खोटंही बोलत नाही," मी म्हणालो. "गाडी बघायला हवी."

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. भाचा वाळूजला टूलरूममध्ये कामाला आहे. हाती असलेले पैसे त्याने आणि ताईने वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी साठवलेले होते. ताईचे म्हणणे अगदी सरळ होते. "गाडी घ्यायला माझी ना नाही. पण वीस वर्षांची म्हातारी कशाला? त्यापेक्षा लहानशी नवी घे, हप्त्यानं. आणि पळवायची हौस असेल तर ती तुझ्या वयाला आता शोभत नाही." या लेखात मी जो काही निवाडा करणार आहे, तो ताईच्या या प्रश्नापुढे टिकतो की नाही, एवढेच पाहायचे आहे.

जुनी गाडी पाहणे ही पाठचिकित्सा आहे. आमच्याच जिल्ह्यात, पैठणास, शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नक्कलकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी निवडून दूर केले. इतके थोर नाव मोटारीच्या संदर्भात घेऊ नये हे कळते. परंतु काम त्याच जातीचे आहे. ग्रंथ जितक्या हातांतून जातो तितके त्यात मागाहून शिरते, आणि मोटारीचेही तसेच.

मूळ संहिता कोठे शोधायची, हे मला भाच्याने शिकवले. दारांच्या काचांवर बारीक खुणा असतात. सगळ्या काचा एका सालच्या असल्या पाहिजेत. एखादी निराळी निघाली, तर त्या बाजूने काहीतरी घडून गेले आहे असे समजावे. दाराच्या कडेचे रबर सोलून आतला रंग पाहावा. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का ते बघावे. किलोमीटरचा आकडा बदलता येतो, पण क्लचच्या पॅडलवरचे झिजलेले रबर खोटे बोलत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी खोल दिसली म्हणून दहा वर्षांच्या टायरवर भरवसा ठेवायचा नसतो. आणि इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे, कारण निळसर धूर, म्हणजे आत तेल जळत असल्याची कबुली, पहिल्या मिनिटात मिळते. विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर त्याचा चहा पिऊन परत यावे.

यातला सर्वांत मोठा प्रक्षेप म्हणजे तो बिल्ला. साध्या ऑक्टाव्हियाला 'आरएस'चा बिल्ला चिकटवायला एक दुपार पुरते. आरसीवर इंजिनाचा आकडा १७८१ सीसी नसेल, तर बाकी काही न वाचता पुस्तक मिटावे.

त्या डॉक्टरी गाडीची डावीकडची काच निराळ्या सालची निघाली. आम्ही चहा पिऊन परत आलो. त्यानंतर दोन पाहिल्या, आणि चौथी सिडकोतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे सापडली. तिचा रंग उडालेला होता, पण सोबत बिलांची जाडजूड फाइल होती. तळटीपांनी भरलेला असा ग्रंथ पाहिला, की माझ्यासारख्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. ही मुळात स्पोर्ट्स कार आहे काय? पंडित म्हणतील, नाही. चार दारे, पाच माणसांची जागा, आणि ५२८ लिटरची डिकी, तीत लग्नाचा आहेर मावावा. याच्या उलट उदाहरण गोव्याचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथे सॅन स्टॉर्म नावाची गाडी तयार होऊ लागली. दोनच आसने, कापडी छत, फायबरचे अंग. पाहताक्षणी सिनेमातली वाटावी अशी. आत मात्र रेनोचे १.२ लिटरचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन. फडके-खांडेकरांच्या काळापासून आपण रूप आणि आशय यांवर भांडत आलो. स्टॉर्ममध्ये रूप आहे आणि आशय तोकडा. आरएसमध्ये आशय ओसंडतो आहे आणि रूप एखाद्या बँक अधिकाऱ्यासारखे, सदरा खोचून उभे असलेले. मला स्वतःला दुसरा प्रकार अधिक भावतो. स्टॉर्मवर मी टीका करतो आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या मुलखात कोणीतरी दोन आसनांची उघडी गाडी बांधायला धजले, एवढ्यासाठीही तिला नमस्कार करावा.

या कारखान्याचे मूळ एका पुस्तकविक्रेत्यात आहे, हे आमच्या वाचकांना आवडेल. वाक्लाव क्लेमेंट हा चेक गृहस्थ पुस्तके विकत असे. त्याची सायकल बिघडली तेव्हा त्याने कंपनीला आपल्या भाषेत, चेकमध्ये, तक्रार लिहिली. उत्तर जर्मनमध्ये आले, की उत्तर हवे असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. ही हकीकत कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. त्यानंतर १८९५ मध्ये लॉरिन नावाच्या कारागिराबरोबर त्याने स्वतःच सायकली बांधायला घेतल्या. त्याच घराण्यातून पुढे श्कोडा, म्हणजे आपली स्कोडा, उभी राहिली. मातृभाषेच्या अपमानातून परिषदा भरलेल्या मी पुष्कळ पाहिल्या; कारखाना निघालेला हा एकच.

तो कारखाना २००१ मध्ये आमच्या शेंद्र्याला आला, शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा. ऑक्टाव्हियाचे सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि जालना रस्त्यावर त्यांची गाडी व्हायची. आरएस ही तिची तापट बहीण २००४ मध्ये भारतात आली. डिझेलची ऑक्टाव्हिया ९० अश्वशक्तीची, ही १५०. युरोपात तिला १८० होत्या; आपल्याकडे पाठवताना संपादकांनी ३० कापल्या. म्हणजे आपण वाचतो ती संक्षिप्त आवृत्ती, हे समीक्षकाने नोंदवलेच पाहिजे.

तिचे खरे सौंदर्य टर्बोत आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया न घालवता त्याच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे, आणि त्या चक्राने बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरायची. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करून तो ताज्या पोळ्यांहून चवदार निघावा तसा हा प्रकार. पाय दाबला, की क्षणभर काहीच होत नाही. त्या चक्राला वेग धरायला वेळ लागतो. कीर्तनकार बुवा झांजा थांबवून श्रोत्यांकडे नुसते पाहतात, तसा तो क्षण असतो. आणि मग गाडी बोलू लागते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मांडले. पैकी पहिले दोन या गाडीत भरपूर आहेत. तिसऱ्याबद्दल शंका आहे, कारण सगळा जोर पुढच्याच दोन चाकांवर असल्याने वळणावर घाई केली की तिचे नाक बाहेर जाऊ पाहते. मागच्या बाकावर बसणाऱ्याला प्रत्येक खड्ड्याची वेगळी ओळख करून दिली जाते, हा दुसरा दोष. आमच्या काही कॉलन्यांतले स्पीडब्रेकर पाहता तो दोष सर्वस्वी तिच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल.

असो. माझा मुद्दा निराळा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या दीडशे जणांनी एकत्र येऊन एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे पासष्ट कोटी रुपयांच्या. देशभर बातमी झाली. मला त्यात त्या वेळी गंमत वाटली आणि थोडा अभिमानही. दिल्ली-मुंबईने मागास म्हणून हिणवलेल्या मराठवाड्याने दिलेले ते सणसणीत उत्तर होते. पण तो प्रकाशन-समारंभ होता. समारंभात पुस्तकावर बोलले जाते, वाचले जात नाही. नवी भारी गाडी घेणारा तिची किंमत विकत घेतो, आणि शेजारी तीच वाचतात. वीस वर्षांनी किंमत गळून पडते, बिल्ल्याचा मुलामा उडतो, आणि ज्याला केवळ गाडी हवी असा माणूस तिच्याकडे येतो. कृतीचा खरा वाचक तो. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा आली, परदेशातून तयार होऊन, शंभरच, जवळजवळ पन्नास लाखांना एक. इथे जुळणारी साधी ऑक्टाव्हिया तर २०२३ मध्येच बंद झाली होती. शेंद्र्याच्या किंवा वाळूजच्या कामगाराला त्या शंभरांपैकी एकही कधी मिळणार नव्हती. जुनी मात्र मिळते, आणि ती उघडून पुन्हा जोडण्याइतकी विद्या त्याच्या हातात असते.

हे मी ताईला सांगितले. ती म्हणाली, "भाषण छान आहे. खर्च सांग."

तिथे माझी बाजू लंगडी पडली, आणि ती तशी पडली हे लपवण्यात अर्थ नाही. गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. टायमिंग बेल्ट नावाचा एक पट्टा वेळेवर बदलला नाही आणि तुटला, तर आतले व्हॉल्व्ह वाकतात आणि दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. म्हणून आधीचा मालक काहीही म्हणो, बिल नसेल तर पट्टा पहिल्याच आठवड्यात बदलायचा. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. २००५ सालच्या रबरी नळ्या त्यासाठी घडवलेल्या नव्हेत, त्या बदलून घेणे शहाणपणाचे. पंधरा वर्षे उलटली की नोंदणीचे नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा, आणि पर्यावरण कर निराळा. गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० तेवढे स्वस्त. भाच्याने यावर एकच उत्तर दिले, की गाडीच्या किमतीएवढीच आणखी निम्मी रक्कम बाजूला ठेवूनच तो घेणार, आणि ती रक्कम पुरेना झाली तर विकणार. ताई काही बोलली नाही. ताईचे न बोलणे म्हणजे संमती नव्हे, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे.

गाडी घेतली. समृद्धी महामार्गावर न्यावी असे त्याच्या मनात होते. सावंगीला चढले की पुढे १२० ची मोकळीक. मी म्हटले, आधी टायर बदल, आणि पहिली फेरी वेरूळला. ताई मागच्या बाकावर घृष्णेश्वराची पूजेची पिशवी मांडीवर घेऊन बसली. दौलताबादच्या जुन्या वेशीपाशी नेहमीप्रमाणे एका वेळी एकच गाडी जात होती, आणि दीडशे अश्वशक्ती एका उसाच्या ट्रॉलीमागे पाऊल-पाऊल सरकत होत्या. घाटात रस्ता मोकळा झाला तेव्हा भाच्याने तिसरा गिअर टाकला. तो क्षणभराचा विराम आला, आणि मग गाडी चढाला लागली. मी आरशात पाहिले. ताईने एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने दारावरची मूठ धरली होती. वर पोहोचेपर्यंत तिने "हळू" असे म्हटले नाही.

परत आल्यावर गाडी दारात उभी राहिली. भाच्याने इंजिन लगेच बंद केले नाही. टर्बो थंड व्हायला मिनिटभर द्यावे लागते, असे तो आईला समजावून सांगू लागला. तिने ते ऐकून घेतले, बिलांची ती फाइल मागून घेतली, आणि ओट्यावर बसून तिच्या मागच्या कोऱ्या पानावर, किराण्याच्या वहीत घालते तशी, रेघ मारली. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला रुपये, मधे तिच्या ठळक अक्षरात पहिली नोंद : पट्टा, पुली, मजुरी. त्याखाली दुसऱ्या शाईने, कंसात : (स्लॅबमधून उसने).