जाहिरात नाकारायची कोणी? सिनॉप्सिसमधल्या एका शब्दाबद्दल

माध्यमांवर पीएचडी करायची म्हटलं की अनेकांच्या पहिल्या पानावर हा प्रश्न असतोच: ‘वादग्रस्त राजकीय जाहिराती टीव्ही वाहिन्यांनी नाकाराव्यात का?’ माझ्याही होता. गाईडनी पेन्सिलीने ‘वाहिन्यांनी’ या शब्दाभोवती गोल केला आणि कागद परत दिला. बाकी एक शब्द नाही. त्या गोलाचा अर्थ लागायला मला दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

हा प्रश्न आपण अमेरिकेतून उचललाय. नोव्हेंबर 2018 मध्ये ट्रम्प यांच्या बाजूची स्थलांतरितांवरची एक जाहिरात सीएनएनने वर्णद्वेषी म्हणून नाकारली, एनबीसी आणि फॉक्स न्यूजने आधी दाखवली आणि मग काढून टाकली. तिथे वाद झाला तो वाहिनीच्या विवेकाचा. पण तिथेसुद्धा प्रसारण परवाना असलेल्या स्टेशनला उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीत काटछाट करता येत नाही, केबल वाहिनीला मात्र मोकळीक आहे. एवढा फरक न सांगता लिहिलेले निबंध मी ढिगाने वाचलेत.

आता आपल्याकडे या. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम 1994 मधला नियम 7(3) राजकीय स्वरूपाच्या जाहिरातींना मनाईच करतो. 2004 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर हे प्रकरण आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 13 एप्रिल 2004 च्या आदेशाने आजची व्यवस्था आली: जाहिरात दाखवता येईल, पण आधी प्रमाणपत्र घ्या. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस. म्हणजे नगर किंवा शिर्डी मतदारसंघातला उमेदवार जिल्ह्याच्या समितीकडे जातो, पक्षाची राज्यभराची जाहिरात राज्याच्या समितीकडे. वाहिनी विचारते एकच, सर्टिफिकेट आणलंय का? नकार वाहिनीच्या टेबलावर येण्याआधीच देऊन झालेला असतो. (प्रमाणपत्र म्हणजे दाखवण्याची सक्ती नव्हे, पण पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला कोण परत पाठवतो!)

एप्रिल 2024 चं उदाहरण घ्या. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाने नव्या चिन्हाचा, मशालीचा, प्रचार करायला गीत केलं. त्यातले ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द काढा, अशी निवडणूक आयोगाची नोटीस आल्याचं उद्धव ठाकरे यांनी 21 एप्रिलला पत्रकारांना सांगितलं, आणि आपण काढणार नाही हेही सांगितलं. पंतप्रधानांनी कर्नाटकात बजरंगबलीचं नाव घेऊन मत द्यायला सांगितलं होतं, त्याचं काय, असा त्यांचा सवाल होता. राजकारण बाजूला ठेवून त्यातला संशोधनाचा मुद्दा बघा. जाहिरातीतले शब्द प्रसारणाआधी तपासले जातात, सभेतले बोलून झाल्यावर. एकाच मतदाराच्या कानावर जाणाऱ्या शब्दांना दोन वेगळी दारं.

त्या दुसऱ्या दाराचं गाजलेलं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. 1991 ची नगरची लोकसभा निवडणूक. काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले, अपक्ष बाळासाहेब विखे पाटील हरले. विखे पाटील यांनी प्रचारसभांतल्या भाषणांवरून निवडणूक याचिका केली. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(4) असं म्हणतं की उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल, जे खोटं आहे आणि जे बोलणाऱ्याला स्वतःलाही खरं वाटत नाही, असं विधान निवडणुकीतल्या त्याच्या शक्यता बिघडवण्यासाठी केलं तर तो भ्रष्टाचार. उच्च न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द केली आणि शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. 19 नोव्हेंबर 1993 ला सर्वोच्च न्यायालयाने गडाख यांच्याविरुद्धचा निर्णय कायम ठेवला, पवारांवरचा ठपका मात्र काढला.

हे निकालपत्र एकदा तरी वाचाच. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे असं समजू नका. कोण कुठे काय बोललं, ते ऐकलं कोणी, पुरावा कितपत टिकतो, एकाच प्रचारातल्या दोन वक्त्यांबद्दल निष्कर्ष वेगळे का निघतात, हे सगळं त्यात मांडलेलं आहे. कलमातल्या प्रत्येक शब्दाला कसोटी आहे. आणि ‘वादग्रस्त’ हा शब्द त्या कलमात नाहीच! आपल्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात लाडका शब्द, आणि तो मोजायचा कसा हे आपल्याला सांगता येत नाही.

माझं मत सांगतो. जाहिरात ‘वादग्रस्त’ आहे एवढ्यावर वाहिनीने ती नाकारू नये. निवडणूक हा वादच असतो. धडधडीत खोटं असेल तर जरूर नाकारावी, पण का नाकारली ते पडद्यावर सांगून. समितीबद्दल माझी तक्रार मोठी आहे. तिचा निर्णय लोकांना दिसतो तो फक्त गीत गाजलं तर. जिल्हा पातळीवरच्या अपक्षाची जाहिरात अडली तर कोण बातमी करतं?

यावर माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. ती म्हणते, 1993 चा न्याय चांगला, पण मतदान होऊन अडीच वर्षं झाली होती, मतदारांनी जे ऐकलं ते ऐकलंच. खरंय. आधीच्या तपासणीला घाई असते, नंतरच्या न्यायाला उशीर. मी तरी लेखी कारणं देणाऱ्या उशिराच्या बाजूला झुकतो, कारण ती कारणं तीस वर्षांनी माझ्यासारख्याला तपासता येतात. घाईतल्या निर्णयाचं मागे काय राहतं?

तेव्हा वाहिन्यांच्या संपादकांच्या मुलाखतींची प्रश्नावली सध्या बाजूला ठेवा. तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मागच्या विधानसभा निवडणुकीत प्रमाणपत्रासाठी अर्ज किती आले, किती नाकारले, किती बदल सुचवून परत केले, आणि कारण कोणत्या शब्दांत लिहिलं. नगर जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ आहेत, एका माणसाला झेपेल एवढंच काम आहे. अर्जाची फी दहा रुपये. पोच घ्यायला विसरू नका, मी विसरलो होतो.