नांगर, घोडे आणि बापामागे चालणारं मूल

खेड्याच्या आठवणी म्हटलं की आपण लगेच हळवे होतो. म्हणून आज शेमस हीनी यांची ‘फॉलोअर’ ही कविता घेऊ. ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ या १९६६ सालच्या संग्रहातली. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी परगण्यात हीनींचं बालपण गेलं. कवितेत बाप घोड्यांच्या नांगराने शेत नांगरतो आहे आणि मूल त्याच्यामागे ठेचकाळत चाललं आहे.

बाप थोर होता, असं हीनी नुसतं सांगत बसत नाहीत, त्याचं काम दाखवतात. फाळ बसवणं, जिभेच्या आवाजावर घोडे चालवणं, लगाम खेचून ते वळवणं, डोळा बारीक करून तासाचा अंदाज घेणं. शेवटी चित्र उलटतं. आता बापच मुलामागे अडखळतो, आणि हटत नाही. इथे माया आहे तसा वैतागही आहे. त्या वैतागामुळेच ही आठवण खरी वाटते.

तरी आम्हाला एक गोष्ट खटकते. घोडे जोर लावण्याच्या आणि घामाच्या उल्लेखापुरतेच येतात. शिवाय या मुलाला मोठेपणी नांगरच धरायचा आहे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तल्या (१९८७) कागलच्या मुलाला शाळा हवी असते, आणि बाप त्याला शेतीच्या कामाला जुंपतो. माती आणि बापाची मेहनत दोन्हीकडे आहे, पण आठवणीची चव वेगळी.

तेव्हा घोड्याबैलांच्या आठवणींनी गहिवरण्याआधी एवढं विचारू या: आठवण सांगणारा तिथे हौसेने चालत होता, की जुंपलेला होता?