आसेन : फोन लोकांच्या पितृवेदी

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन (१९७५ पर्यंतचे दाहोमे) या देशातील फोन लोक आपल्या दिवंगत पूर्वजांसाठी ‘आसेन’ नावाची वेदी घडवितात. जमिनीत रोवावयाचा लोखंडी दांडा, त्यावर उलट्या छत्रीसारखा सांगाडा, वर वाटोळी तबकडी आणि तिच्यावर धातूच्या लहान आकृती, असा तिचा घाट असतो.

या आकृतींत मृताचे हुबेहूब रूप शोधणाऱ्या रसिकाची निराशाच होईल. एखादा प्राणी किंवा एखादी वस्तू कोरून कारागीर पुष्कळदा तिच्या नावाच्या उच्चारातून म्हण वा व्यक्तिनाम सुचवितो. फोन भाषा न जाणणाऱ्याला म्हणूनच हे शिल्प दिसते, पण कळत नाही. शिवाय तबकडीवर मृतासमोर वेदी अर्पण करणारा वारसही अनेकदा असतो. तेव्हा आसेनचा विषय केवळ मृत व्यक्ती नव्हे. तिचे जिवंतांशी असलेले नाते हा तो विषय होय.

१८९२ साली फ्रेंच सैन्याने अबोमे येथून नेलेल्या वस्तूंपैकी २६ वस्तू २०२१ साली पॅरिसहून बेनिनला परत आल्या. त्यांत राजघराण्याच्या आसेनही होत्या. संग्रहालयाच्या काचेआड त्यांचे धातुकाम दिसते. पण आसेनपुढे पाणी ओतून, अन्न ठेवून पूर्वजाचे स्मरण करावयाचे असते, ते तेथे दिसत नाही. केवळ घाटावर थांबणारी समीक्षा म्हणूनच अपुरी ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.