सुरूची कुंडी आणि पाइनचे निदान

अलिबागहून मुरूडकडे जाताना काशीदच्या पुळणीलगत सुरूची जी राई लागते, तिला पर्यटक सर्रास ‘पाइनचे बन’ म्हणतात. बोलण्यातील सैलपणा म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु सुरूचे रोप उथळ कुंडीत वाढवून त्यास वामनवृक्षाचे रूप देणारे हौशी लोक ते रोप आजारी पडले म्हणजे पाइनसाठी रचलेल्या निदान-कोष्टकांचा आधार घेतात, आणि तेथे हा सैलपणा झाडाच्या जिवावर बेततो. वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थीही कित्येकदा तीच कोष्टके प्रमाण मानतात. म्हणून त्यांच्या पद्धतीचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

प्रथम कोष्टकांना न्याय दिला पाहिजे. त्यांच्यामागे जपानी माळ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तो मुख्यतः काळ्या पाइनचा, म्हणजे पायनस थुनबर्गीचा आहे. शरद ऋतूत आतील बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळल्या तर घाबरू नये, कुंडी बदलताना मुळांभोवती दिसणारे पांढरे तंतू हे उपकारक संकवक असते, ते धुऊन टाकू नये, ही त्यांतील वचने त्या वृक्षापुरती अगदी खरी आहेत. दोष वचनांचा नसून मांडणीचा आहे. कोष्टकाचा पहिला स्तंभ लक्षणाचा असतो, दुसरा उपायाचा. लक्षण कोणत्या झाडावर दिसले हे विचारणारा स्तंभच नसतो. लक्षणाला वृक्षनिरपेक्ष अर्थ असतो, असे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते. हे गृहीतच चुकीचे होय.

सुरू, म्हणजे कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया, हा पाइनचा दूरचाही आप्त नव्हे. पाइन प्रकटबीज, तर सुरू आवृतबीज व द्विदलिकित. त्याची शंकूसारखी फळे पाहून भल्याभल्यांची फसगत होते. जिला आपण सुई समजतो ती सुरूची हिरवी, पेरेदार काडी असते. खरी पाने प्रत्येक पेऱ्यावर सहा ते आठ सूक्ष्म दातांच्या वलयाच्या रूपाने उरलेली असतात. काडी ओढली की ती पेऱ्यावर सुटते. पाइनची सुई तशी सुटत नाही. ही परीक्षा करावयास भिंगही लागत नाही, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

या रचनेचा निदानाशी थेट संबंध आहे. काडीवरील त्वग्रंध्रे उभ्या खाचांच्या आत दडलेली असतात व पान असे मलूल होण्याजोगे काही नसतेच. त्यामुळे पाण्याचा तुटवडा रुंद पानाच्या झाडाप्रमाणे चटकन डोळ्यांत भरत नाही. काडी ठिसूळ होते, रंग किंचित निस्तेज होतो. हे ध्यानी येईतो मुळे वाळलेली असतात. पाइनला ओल साचलेली खपत नाही, म्हणून ‘पिवळेपणा : पाणी कमी करा’ हा त्याच्या कोष्टकातील सावध सल्ला आहे. चैत्र-वैशाखात कोकणातील गच्चीवर उथळ कुंडीत उभ्या असलेल्या सुरूला हाच सल्ला मारक ठरतो. उलट आषाढात, जेव्हा कुंडीचे भोक तुंबून मुळे कुजतात, तेव्हा तोच पिवळेपणा अगदी निराळे सांगत असतो. म्हणून कुंडी उचलून तिचे वजन पाहावे, साल नखाने खरवडून आतील हिरवा थर पाहावा, आणि मग पाण्याविषयी बोलावे.

मुळांच्या बाबतीत गफलत याहून मोठी आहे. सुरूच्या मुळांवर फ्रँकिया या सूक्ष्मजीवामुळे पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या गाठी येतात व त्यांतून झाडास हवेतील नायट्रोजन मिळतो. पाइनला असल्या गाठी नसतात. तेव्हा पाइनच्या दृष्टीने पाहणारा त्यांना सूत्रकृमींचा उपद्रव समजून कात्रीने छाटतो. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग. फ्रँकियाची ग्रंथी मुळाच्या बाजूस जडलेला, अनेक खंडांचा झुबका, आणि सुरूत तिच्यातून बारीक मुळे वरच्या दिशेने निघालेली दिसतात. एवढा भेद पाहिला नाही तर रोगी निरोगी ठरतो व निरोगी रोगी. पुढे काड्या पिवळ्या पडल्या की कोष्टक नायट्रोजनयुक्त खत सुचविते. त्या खताने उरल्यासुरल्या ग्रंथींची वाढही मंदावते. निर्जंतुक मिश्रणात लावलेल्या रोपास मुळात फ्रँकियाच मिळाला नसेल, तर निरोगी झाडाच्या ग्रंथी वाटून त्या पाण्याचे शिंपण करणे हा योग्य उपाय. (जुन्या झाडाखालची माती आणून घालण्याचीही चाल आहे, तीबरोबर सूत्रकृमीही येऊ शकतात, हे विसरू नये.)

रोपाचा पूर्वेतिहास विचारण्याची रीतही या कोष्टकांत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले व सुरूची पुष्कळ झाडे उन्मळली. अशा ठिकाणाहून उचललेल्या रोपाची मुळे हिसका बसून तुटलेली आहेत की रोगाने कुजलेली, हे केवळ शेंडा पाहून कोणासही सांगता येणार नाही.

शेवटी सालीविषयी. खोडावर काळी भुकटी दिसली की कोष्टक म्हणते : खवले कीटकांच्या मधुस्रावावर वाढलेली काजळी, साबणाच्या पाण्याने धुवा. सुरूवर अशी काजळी पडतच नाही असे नव्हे. ती वरवर असते व बोटाने पुसली जाते. परंतु सालीवर फोड येऊन ते फुटत असतील व भुकटी त्यांच्या आतून निघत असेल, तर तो ट्रायकोस्पोरियम व्हेसिक्युलोसम या नावाने दीर्घकाळ ओळखल्या गेलेल्या कवकाचा रोग होय. २००३ साली या कवकासाठी नवी प्रजाती स्थापून तिला भारतीय कवकतज्ज्ञ सी. व्ही. सुब्रमणियन यांचे नाव देण्यात आले. ती काळी भुकटी म्हणजे त्याची बीजुके. असे खोड धुतल्याने बीजुके शेजारच्या कुंड्यांवर पसरण्याचीच भीती अधिक. कुंडी वेगळी काढून, झाड वाळू लागले असल्यास ते मुळासकट जाळून टाकणे, एवढेच हाती राहते.