तरी पालकांनी नोंद घ्यावी

समीक्षक व्हायला काय लागतं ते मला नक्की ठाऊक नाही, पण बी. कॉम.ची पदवी आणि बँकेतली बावीस वर्षांची कारकुनी एवढं भांडवल त्याला पुरत नाही, असं आमच्या घरातल्या सर्वांचं मत आहे. तेही चूक नव्हे. कादंबरी मी हातात घेतो ती झोप यावी म्हणून. कवितेच्या वाटेला मी गेलो नाही आणि तिनंही कधी माझी वाट अडवली नाही. तरीपण साहित्याचा एक प्रकार असा आहे की त्यातला माझा अधिकार कोणी नाकारू नये. तो प्रकार म्हणजे सूचना. बँकेत मी सूचना लिहितो, फळ्यावर डकवतो, आणि लोक ती न वाचता मलाच विचारायला आले की तोंडी सांगतो. घरी आलो की मुलांच्या शाळेच्या सूचना वाचतो. म्हणजे या व्यवहाराच्या जमा आणि नावे, दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

आमची मुलं मालवणच्या बाजूला चर्चच्या आवारातल्या शाळेत जातात. नाव सांगत नाही. फी अजून भरायची आहे. पुढे चर्च, मागे शाळा, मध्ये एक मोठं आंब्याचं झाड. शिकवायला सिस्टर आणि बाई, कारभाराला फादर. वर्गात ख्रिस्ती, गाबीत, भंडारी, मराठा, मुसलमान अशी सगळी मुलं एका बाकावर बसून एकमेकांचे डबे खातात. गणपतीला सुट्टी, नाताळलाही सुट्टी; म्हणजे दोन्हीकडचे देव मुलांच्या बाजूचे. अशा शाळेबद्दल मला तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती तिच्या वाङ्मयाबद्दल.

हल्ली हे वाङ्मय मोबाईलवर येतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी त्याच मजकुराचा कागद मुलाच्या दप्तरातून घरी येतो. वर इंग्रजी, खाली मराठी, आणि त्याखाली गोल शिक्का. दोन भाषांत मजकूर देण्याची ही रीत आमच्या जिल्ह्याला नवी नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी स्तंभांत छापलेला असे. शेजारीशेजारी, हं. वरखाली नव्हे. आमच्या शाळेच्या कागदावरचं मराठी मात्र वरच्या मजल्यावरून खाली गळत आल्यासारखं दिसतं.

आता प्रत्यक्ष साहित्यकृतीकडे वळू. सूचनेची सुरुवात ठरलेली: "सर्व पालकांना कळविण्यात येते की..." कोण कळवतं? फादर? सिस्टर? घंटा वाजवणारे मामा? पत्ता नाही. निवेदकच नसलेली एवढी लोकप्रिय कथा मराठीत दुसरी नसेल. पात्रं दोनच, पालक आणि पाल्य. यातला पाल्य हा प्राणी फक्त शाळेच्या कागदावर जगतो. संध्याकाळी दारात उभं राहून "पाल्या, जेवायला ये रे!" अशी हाक मारणारी आई आमच्या आळीत तरी मी पाहिलेली नाही. मग येतं 'सदर'. सदर सहल, सदर गणवेश, सदर रक्कम. आणि शेवटी कथेचा कळस: 'अन्यथा'. अन्यथा विलंब शुल्क आकारण्यात येईल. अन्यथा वर्गात बसू दिले जाणार नाही. सहलीला मुलांना रानभोजनाला नेणार, ही बातमी वाचतानासुद्धा पालकाच्या पोटात गोळा येतो तो या 'अन्यथा'मुळे.

फीच्या सूचनेचं तर विचारू नका. ती येते जूनमध्ये. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात, आणि किनाऱ्यावरच्या घरातली आवक दोन महिने थांबते. नेमकी तेव्हाच वह्या, छत्र्या, गणवेश आणि फी. बँकेच्या खिडकीतून मला हे दरवर्षी दिसतं: मे महिन्यात भरलेली खाती जुलैपर्यंत किमान शिल्लकीला टेकतात. सूचना लिहिणाऱ्याच्या भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यात सण असतात, समुद्र नसतो.

आणि गंमत अशी की हीच माणसं रविवारी वेगळी असतात. आमच्या शेजारच्या मावशींबरोबर मी एकदोनदा सणाला चर्चमध्ये गेलो आहे. मिस्सा संपताना फादर त्या आठवड्याच्या बातम्या सांगतात. अमक्याचं लग्न ठरलंय, कोणाची हरकत असली तर सांगा. अमकी म्हातारी आजारी आहे, तिच्या घरी जाऊन या. छपराचं काम निघालंय, हातभार लावा. बोलतात ते लोकांच्याच भाषेत, अधूनमधून एखादी कोपरखळी मारतात, मागच्या बाकावरची पोरं हसतात, आणि बाहेर पडताना प्रत्येकाला सगळं पाठ असतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचं तसंच. तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. पण ठरली की संध्याकाळच्या आत मुंबईतल्या चाकरमान्याला ठाऊक होते आणि तो गाडीच्या तिकिटामागे लागतो. तिथे कोणी 'नोंद घ्यावी' म्हणत नाही. मग सोमवारी कागद पुढे आला की या गोड माणसांच्या लेखणीत 'सदर' कुठून शिरतं?

इथवरचा लेख मी गंमत म्हणून लिहिणार होतो. मग गेल्या ऑगस्टमध्ये एक बाई आमच्या खिडकीशी आल्या.

दांडीच्या बाजूला राहणाऱ्या, बाजारात मासे विकणाऱ्या. होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. त्यांच्या एका हातात पैसे काढायची स्लीप होती, कोरी, नुसता अंगठ्याएवढा मोठा सही केलेला. दुसऱ्या हातात चार घड्या घातलेला शाळेचा कागद.

"साहेबानू, कितके काढूचे ता ह्येच्यात लिवला असतला. जरा बघून सांगा."

मी म्हटलं, "तुमका वाचूक येना नाय?"

"चवथी शिकलंय मी. अक्षरा वाचूक येतत हो, पन सांगतत काय ता कळना नाय."

मी कागद उलगडला. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या पाल्याची शालेय स्तरावरील चित्रकला स्पर्धेतील प्रथम क्रमांकाच्या पारितोषिकासाठी निवड करण्यात आली असून, सदर पारितोषिक वितरण समारंभास पालकांनी शुक्रवारी सकाळी ठीक ९.३० वाजता उपस्थित राहावे. अनुपस्थितीची नोंद घेण्यात येईल. तरी पालकांनी नोंद घ्यावी.

"ही फी न्हय," मी म्हटलं. "तुमच्या झिलाचो चित्रात पयलो नंबर इलोहा. बक्षीस देवच्या वेळाक तुमका बोलावलेला. शुक्रवारी."

त्या दिवशी सोमवार होता.

बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "झील सांगी होतो, आये, तुका शाळेत बोलवल्यानी. माका वाटला, फीसाठीच. हातात पैसे नाय तर कसा जावचा? म्हणान गेलंय नाय." आणि थोड्या वेळानं, माझ्याशी नव्हे, कागदाशीच: "एकटोच उभो ऱ्हवलो असतलो."

मागे रांग होती. रांगेतलं कोणी काही बोललं नाही.

"मगे किती काढू?" मी विचारलं.

"दोनशे काढा. पेढे घेतंय."

आता समीक्षकाचं म्हणणं. त्या कागदावर एकही शब्द खोटा नव्हता, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फीच्या कागदाचा रंग, शिक्का, सुरुवात आणि शेवट जसा, तसाच याचाही. शाळेच्या सूचनेला सूर एकच आहे. दंड झाला तरी तोच, बक्षीस मिळालं तरी तोच. ज्या घरात कागद फक्त देणं सांगायला येतो, त्या घरातली आई सगळे कागद देण्याचेच समजणार. दुहेरी नोंदीचा साधा नियम आहे: नावे टाकाल तिथे कुठेतरी जमा दिसली पाहिजे. आमच्या सूचनांच्या खातेवहीत जमेची बाजूच छापलेली नाही.

हे शाळेला शिकवायचं तर ते तिच्याच घराण्यातून शिकवता येईल. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि आपल्या धर्माची कथा त्यानं सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत सांगितली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. पण ओवी मात्र त्यानं लोकांच्या ओठांवरचीच उचलली. ज्यांना सांगायचं त्यांना कसं ऐकायची सवय आहे, हे त्यानं आधी पाहिलं. ४०० वर्षांपूर्वी परमुलखातल्या माणसाला जे जमलं, ते आंब्याच्या झाडाखालच्या कचेरीला जमू नये?

तेव्हा मी मुख्याध्यापिका सिस्टरना पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य उतरलं ते असं: "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..." कागद फाडला. दुसऱ्या खेपेला 'सदर' आलं. बावीस वर्षांची सवय, रक्तात गेलेली. चौथ्या कागदावर मी बाईंची हकीकत नाव न घेता जशीच्या तशी लिहिली आणि खाली एवढंच जोडलं, की तुमच्या धर्मग्रंथात येशूची कथा सांगणाऱ्या भागाला मराठीत 'शुभवर्तमान' म्हणतात, म्हणजे चांगली बातमी. ती कशी सांगावी हे तुम्हाला मी काय सांगू?

उत्तर आलं नाही. पण पुढच्या महिन्यात माझ्या मुलीच्या दप्तरातून एक कागद निघाला. विज्ञान प्रदर्शनात तिच्या गटाला दुसरा नंबर. मजकूर जुनाच, कळविण्यात येते, पाल्य, सदर, सगळी मंडळी हजर. मात्र अगदी वर कोपऱ्यात, निळ्या पेनानं, हातानं लिहिलं होतं: "चांगली बातमी आहे. घाबरू नका. या."

सौ.नं ते वाचलं आणि मला विचारलं, "तुमच्या बँकेच्या फळ्यावर आज काय लिहिलंय?"

मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन आमची सूचना पुन्हा वाचली: "खाडाखोड केलेली स्लीप स्वीकारली जाणार नाही. ग्राहकांनी नोंद घ्यावी." ती उतरवली आणि खडूनं लिहिलं: "स्लीप चुकली तर नवीन घ्या. भरायला येत नसेल तर खिडकी नंबर २ वर विचारा."

खिडकी नंबर २ माझीच आहे. तेव्हापासून मला दुपारी जेवायला वेळेवर मिळत नाही.